गॅलरीतला आवाजही बातमीत यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या आपल्या एकट्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढीही नाही, तरी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधनं त्यांनी 53 पदकं नेली आणि आख्ख्या भारतानं 6. तेव्हा कोल्हापूरला तसली मैदानं, तसल्या अकादम्या आणि तसला सरकारी पैसा द्या, असा पत्राचा सूर होता. त्या सहातलं एक पदक आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, हे लिहायचं तेवढं राहिलं. असो.

पैशाचं त्यांचं म्हणणं खोटं नाही. 1976 ला मॉन्ट्रियलमध्ये ऑस्ट्रेलियाला एकही सुवर्ण मिळालं नाही, देशभर ओरड झाली, आणि 1981 ला कॅनबेरात सरकारनं मोठी क्रीडा संस्था उभी केली. पण मैदान आणि पैसा इथंच पत्र संपलं म्हणून मला लिहावं लागतंय. तिथला खेळ मी पाहिलाय तो टीव्हीवर कमी आणि मैदानाच्या कडेला थंडीत उभं राहून जास्त. त्यावरनं जे सुचलं ते सरकारला सांगायचं नाही. आपल्या पेठांना सांगायचंय आणि, राग मानू नका, आपल्या वर्तमानपत्रालाही, आणि ते मैदानात प्रेक्षकांच्या गॅलरीतनं जे ओरडलं जातं त्याबद्दल.

मी मंगळवार पेठेत शिवणाचं दुकान चालवते. वर्षभर ब्लाउज, परकर, फॉल-पिको. फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की ब्लाउजपीस मागच्या फळीवर जातात आणि तिरुपूरहून आलेले डॉटनिटचे, म्हणजे जर्सीच्या कापडाचे, तागे पुढं येतात. मग फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या तालमींची पोरं येणार, मोबाईलवर बार्सिलोनाचा नाहीतर अर्जेंटिनाचा फोटो दाखवणार, निळा असाच पाहिजे म्हणून भांडणार, आणि पैसे मॅच झाल्यावर देतो म्हणणार. मी स्वतः कुठल्या तालमीची, ते विचारू नका. सगळ्या पेठांची मापं माझ्या वहीत आहेत आणि मला धंदा करायचाय.

लेक माझी मेलबर्नच्या पश्चिम भागात, फुटस्क्रेच्या पुढं राहते. ती वृद्धांच्या केंद्रात नर्स आहे, जावईबापू गोदामात सुपरवायझर. आपला पाऊस तो तिथला हिवाळा, आणि हिवाळा म्हणजे तिथं फूटी. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबोळका, मैदान अंड्याच्या आकाराचं, एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू हातानंही मारायचा आणि पायानंही. आणि जर्सीला बाह्या नाहीत. एका संघामागं केवढं कापड वाचतं, हाच विचार माझ्या डोक्यात आधी आला.

फुटस्क्रे हे मेलबर्नचं कष्टकरी अंग. कारखाने, दगडाच्या खाणी, शेजारी बंदर. आधी इटली-ग्रीसचे लोक आले, मग व्हिएतनामचे, आता आफ्रिकेचे आणि आपले. तिथल्या फूटी क्लबाचं प्रकरण ऐकलंत तर आपल्या पेठेतलंच वाटेल. क्लब कर्जात बुडालेला. 1989 ला लीगनं तो फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या क्लबात विलीन करायचं ठरवलं. एक साधी पाठीराखी बाई कोर्टात गेली, लोक डबे वाजवत दारोदार फिरले, पैसे जमले आणि क्लब वाचला. तोच पुढं वेस्टर्न बुलडॉग्ज झाला, आणि 2016 ला अजिंक्य ठरला, 1954 नंतर पहिल्यांदा. कप्तान बॉब मर्फी गुडघ्याच्या दुखापतीमुळं त्या वर्षी अंतिम सामना खेळूच शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजनं त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं.

हे मला लेकीच्या शेजारणीनं सांगितलं. बाई सांगता सांगता रडायलाच लागली. मग मीही लेकीला मध्ये दुभाषी घालून तिला खाशाबा जाधवांचं सांगितलं. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. आणि ज्या मेलबर्नमध्ये ती राहते तिथंच 2006 ला आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजीची दोन सुवर्णं घेतली, हेही सांगून टाकलं. शेजारीण गप्प झाली. ईर्ष्येत आपण कुणाला हार जात नाही.

तेव्हा वेड, वर्गणी, क्लबासाठी जीव टाकणं, यातलं आपल्याला तिकडून काही आणायचं नाही. आणायचं ते वेगळंच आहे.

शनिवारी सकाळी नातीची मॅच असायची. पोरगी नऊ वर्षांची, चिखलात लोळते, आणि तिची आई तिला ओरडत नाही. संघ मुलींचाच. तिथं मुलींची मोठी लीग 2017 ला सुरू झाली. मेलबर्नच्या पहिल्याच सामन्याला 24 हजारांवर माणसं आली आणि बाकीच्यांना आत घेता येईना म्हणून दारं बंद करावी लागली. आपल्यासारख्या फुटबॉलमध्येही त्यांच्या महिला संघानं 2015 ला पैशाच्या वादातून अमेरिकेचा दौरा सोडून दिला, 2019 ला पुरुषांच्या बरोबरीचा करार मिळवला, आणि 2023 ला विश्वचषकाची उपांत्य फेरी घरच्या मैदानावर 75 हजार लोकांसमोर खेळला. हरला, ती गोष्ट वेगळी. माझ्या दुकानात मुलींच्या संघाची ऑर्डर येते तेव्हा पहिला प्रश्न असतो, मागच्या वर्षीचं उरलेलं कापड आहे का.

नातीच्या मॅचला पंधरा-वीस आई-बाप. टीम मॅनेजर ही कुणाची तरी आईच. ती आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कामं वाटून टाकते. कुणी संत्र्याच्या फोडी करून आणायच्या, कुणी पाण्याच्या बाटल्या घेऊन पळायचं, कुणी घड्याळ सांभाळायचं, कुणी खांबांमागं पांढरा कोट घालून उभं राहायचं. चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की दोन झेंडे हलवायचे, शेजारून गेला की एक. जावईबापूंनी एकदा उत्साहात दोन्ही हलवले आणि समोरचे बाप खवळले. कुणालाही एक दमडी मिळत नाही, आणि कामाचा नंबर चुकवला की पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कांदा परतायला लागतं.

पण एक काम मी आपल्याकडं कधी बघितलं नव्हतं. एकानं भडक रंगाचं जाकीट घालून मैदानाच्या कडेकडेनं फिरायचं. ग्राउंड मार्शल म्हणतात त्याला. त्यानं खेळाकडं बघायचंच नाही, प्रेक्षकांकडं बघायचं. त्या दिवशी पाळी माझ्या लेकीची होती. पंच म्हणून पंधराएक वर्षांची पोरगी, शिट्टी तोंडात, बिचारी थंडीनं काकडलेली. तिचा एक निर्णय एका बापाला पटला नाही. गडी सहा फूट उंच, आवाज असा की पोरगी जागीच थिजली. माझी लेक त्याच्या कोपराएवढी. ती गेली, काहीतरी दोन शब्द बोलली. तो हात उडवत कुरकुरला, मागं गेला, गाडीला टेकून उभा राहिला. मॅच संपल्यावर तोच शेगडीवर सॉसेज परतत होता आणि माझ्या लेकीला ब्रेडवर जास्तीचा कांदा घालून देत होता.

घरी येताना मी विचारलं, काय म्हणालीस गं त्याला? म्हणाली, "काही नाही आई, ती पोरगी पुढच्या शनिवारीपण यायला पाहिजे ना, एवढंच म्हटलं."

आपल्याकडं गॅलरीत एखाद्याला गप्प बस म्हटलं तर उलट ऐकायला मिळतं, तू कोण रे सांगणारा? जाकिटानं तो प्रश्नच मिटतो. जाकीट आज माझ्या अंगावर, पुढच्या शनिवारी तुझ्या. तिथं पोलीस नव्हता, आणि लागलाही नाही.

तिकडं सगळं गोडच आहे, असं मात्र मी सांगत नाही. मोठ्या लीगच्या मैदानात काय काय झालंय ते ऐकून मला आपली गॅलरी बरी वाटायला लागली होती. ते सांगते, कारण त्यात वर्तमानपत्रांचा हात आहे, चांगलाही आणि वाईटही.

17 एप्रिल 1993. कॉलिंगवूड क्लबाच्या घरच्या मैदानावर सेंट किल्डाचा सामना. सेंट किल्डाकडून निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकॲडम हे दोघं ॲबोरिजिनल, म्हणजे त्या मातीतले मूळ रहिवासी. दिवसभर प्रेक्षकांनी दोघांना त्यांच्या रंगावरून नको नको ते ऐकवलं. सेंट किल्डा जिंकला. शिट्टी झाल्यावर विनमार त्या प्रेक्षकांकडं तोंड करून उभा राहिला, जर्सी वर उचलली आणि आपल्या कातडीवर बोट ठेवलं. जर्सीचा असाही उपयोग होतो, हे इतकी वर्षं जर्सी शिवून मला माहीत नव्हतं.

दोन वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांनी ते टिपलं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात तो फोटो संघानं दाखवलेल्या हिमतीचा, छातीचा म्हणून आला. दुसऱ्यात मात्र काळा असल्याचा अभिमान असं स्पष्ट छापलं गेलं, कारण त्या पेपरचा छायाचित्रकार वेन लडबी यानं विनमारचे शब्द आपल्या कानांनी ऐकले होते. प्रसंग एकच, फोटोही जवळपास सारखाच. पण दुसऱ्या पेपरनं कान उघडे ठेवले म्हणून ती जिंकल्याच्या आनंदाची बातमी उरली नाही, प्रेक्षकांनी काय केलं त्याची बातमी झाली. दोन वर्षांनी, 1995 ला, मायकेल लाँग या ॲबोरिजिनल खेळाडूनं मैदानात ऐकलेल्या शिवीची उघड तक्रार केली, आणि त्याच वर्षी लीगनं वंशावरून शिवीगाळ करण्याविरुद्ध नियम केला. विनमारचा तसाच, जर्सी उचललेला पुतळा 2019 पासून पर्थच्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

नियम खेळाडूंना लागला. प्रेक्षकांचं काय? ते ॲडम गुड्सच्या वेळी कळलं. सिडनी स्वान्सचा हा ॲबोरिजिनल खेळाडू, जर्सी क्रमांक 37. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा, 2003 आणि 2006 ला, त्याला मिळालेलं. मे 2013 मध्ये मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर कुंपणापलीकडून एका प्रेक्षकानं त्याला माकड म्हटलं. त्यानं बोट दाखवलं, सुरक्षारक्षकांनी बाहेर काढलं, तर ती निघाली तेरा वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी हाच माणूस सांगत होता की पोरीला दोष देऊ नका, तिला सांभाळा. 2014 ला तो त्या देशाचा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला. आणि 2015 ला, चेंडू त्याच्या हातात आला की गावोगावची स्टेडियमं हूऽऽ करून ओरडायला लागली. एका सामन्यात गोल केल्यावर त्यानं आपल्या लोकांचा युद्धनाच केला, तर ओरडा आणखी वाढला.

त्या वेळी कित्येक समालोचक आणि स्तंभलेखक काय लिहीत होते? की यात रंगाचा काही संबंध नाही, तो पंचाकडून फुकट फ्री किक काढतो म्हणून लोक चिडतात. प्रेक्षकानं तिकीट काढलंय, ओरडायचा त्याला हक्क आहे. हे वाक्य मी आपल्या गॅलरीबाहेर चहाच्या टपरीवर शब्दाचा फरक न करता ऐकलेलं आहे.

गुड्सनं एका सामन्यापुरती रजा घेतली. तेव्हा सिडनीत त्याचेच पाठीराखे 37 आकडा लिहिलेले फलक घेऊन आले आणि तिसऱ्या डावाच्या सातव्या मिनिटाला उभं राहून टाळ्या वाजवत राहिले. पण तो मनानं संपला होता. हंगामाअखेर निवृत्त झाला, आणि निवृत्त खेळाडूंची अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाला गाडीतून जी फेरी निघते तिच्यात बसला नाही. चार वर्षांनी, 2019 ला, त्या काळातल्याच टीव्ही-पेपरच्या तुकड्यांचा एक माहितीपट तयार झाला, आणि तो लोकांना दिसायच्या सुमारास लीगनं आणि सगळ्या अठरा क्लबांनी मिळून त्याची जाहीर माफी मागितली. 2021 ला लीगच्या मानाच्या यादीत नाव घालायचं ठरलं, तर त्यानं नको म्हणून सांगितलं.

आता त्या लीगमध्ये वर्षातनं एकदा सगळे क्लब मूळ रहिवासी कलाकारांच्या नक्षीच्या जर्सी घालतात. ही फेरी सर डग निकोल्स यांच्या नावानं. 1927 ला कार्लटन क्लबानं ज्यांना रंगापायी घेतलं नव्हतं, ते पुढं फिट्झरॉयकडून गाजले आणि 1976 ला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. त्या जर्सींची छपाई बघत मी लेकीच्या टीव्हीपुढं एवढी वाकायची की नात म्हणायची, आज्जी सरक, खेळ दिसत नाही.

आता आपल्याकडं वळते. गेली काही वर्षं आपल्या तालमींच्या जर्सी घालून आफ्रिकेतले खेळाडूही खेळतात. त्यांची मापं मी घेतलीत. खांदा रुंद, कंबर बारीक, बाजारातला तयार एक्सएल त्यांना बसतच नाही. एकजण सामन्यानंतर फाटलेला गळा शिवून न्यायला आला होता. मी विचारलं, मॅच कशी झाली? "गुड, आंटी," म्हणाला आणि हसला. बरोबरचं पोरगं मात्र मान खाली घालून उभं होतं. तो माणूस बाहेर गेल्यावर त्यानं मला गॅलरीतून काय ओरडलं गेलं ते सांगितलं. कुठल्या पेठेची गॅलरी ते सांगणार नाही, आणि ते शब्द तर लिहू शकतच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल कुणी कितव्या मिनिटाला केला ते सगळं बरोबर होतं. शेवटी एक ओळ होती, समर्थकांच्या जल्लोषात सामना पार पडला.

संपादकसाहेब, जल्लोषाची ओळ लिहिणारा वार्ताहर त्याच गॅलरीखाली बसलेला असतो. त्याला ऐकू येतं. हाणामारी झाली, दगड आले, की आपण चार कॉलमची बातमी देता, आणि द्यावीच. मग बंदोबस्त वाढतो, स्पर्धा थांबते, पोरांवर गुन्हे दाखल होतात, नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो. माझ्याकडं शिवून तयार असलेले गठ्ठे फळीवर पडून राहतात, ते एक सोडा. पण दगड काही आभाळातनं पडत नाही. त्याच्या आधी तासभर तोंडातनं बरंच पडलेलं असतं, आणि ते छापलं जात नाही.

बायका सामन्याला येत नाहीत अशी आपली नेहमीची खंत. काही येतात, हौसेनं येतात. पण ज्या येत नाहीत त्यांना विचारलं तर ऊन आणि सिमेंटच्या पायऱ्या या कारणांचा नंबर फार खालचा लागेल. माझी बहीण एकदा भाच्याची मॅच बघायला गेली आणि मध्यंतरालाच उठून आली. भाचा चांगला खेळत होता. त्याच्या आईचं नाव ज्या रीतीनं घेतलं जात होतं ते त्याच्या आईला ऐकवेना.

एक गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियाकडून चुकूनही आणू नका, ती म्हणजे पैज. तिथं सामन्याच्या मध्ये मध्ये बेटिंगच्या इतक्या जाहिराती लागतात की नऊ वर्षांच्या नातीला कुणाचा काय भाव चाललाय ते पाठ. 2023 ला खासदार पीटा मर्फी यांच्या समितीनं ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं पूर्ण बंद करा असं सरकारला सांगितलं. बाई त्याच वर्षी कॅन्सरनं गेल्या. आपल्याकडंही कोपऱ्यावरची पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून काय करतात ते शिवणयंत्रावरून सगळं दिसतं.

माझी मागणी मोठी नाही. येत्या हंगामात प्रत्येक तालमीनं आपलीच चार वडीलधारी माणसं, आणि त्यात निदान एक बाई, आपल्याच गॅलरीत जाकीट घालून उभी करावीत. समोरच्या पेठेकडं बघायला नव्हे, आपल्या पोरांकडं बघायला. तालमीतल्या वस्तादानं किंवा जुन्या खेळाडूनं नुसतं वळून बघितलं तर आपली पोरं गप्प होतात, हे मी गणपतीच्या मिरवणुकीत पाहिलेलं आहे. आणि आपण सामन्याच्या बातमीत रोज दोन ओळी गॅलरीसाठी राखाव्यात. कुणाला रंगावरून, जातीवरून, आईवरून बोललं गेलं का, कुणी थांबवलं का. थांबवणाऱ्या तालमीचं नाव छापा. न थांबवणारीचंही छापा. आपल्या पेठांना पराभव चालतो, दंडही चालतो. पेपरात नाव आलेलं चालत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

जाकिटं मी शिवून देते, शिलाई घेणार नाही. मापं दुकानात आणून द्यावीत. फक्त रंग कुठला ते आधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं. कुठल्याही तालमीच्या जर्सीत नसलेला रंग शोधायचा म्हणजे मला वाटतं त्यालाच दोन बैठका लागतील, तेव्हा हंगामाच्या पुरेसं आधी कळवावं. कापड यायला आठ दिवस जातात.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर